परसबागेतील विषाचा हिशेब

शहरातील सुशिक्षित मध्यमवर्गीयांच्या घरी दोन गोष्टी हल्ली सुखाने एकत्र नांदताना दिसतात. एक म्हणजे शेतकरी भाजीपाल्यावर वाटेल तशी विषारी औषधे मारतात ही तक्रार. आणि दुसरी म्हणजे गॅलरीत, जास्वंदीच्या कुंडीमागे उभी असलेली कीटकनाशकाची बाटली. पहिलीचा उच्चार चहाच्या वेळी होतो, दुसरीचा उपयोग रविवारी सकाळी. आणि या दोहोंत काही विसंगती आहे असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. कळ्यांवर मावा दिसला, मिरचीची पाने आकसली, की बियाण्यांच्या दुकानात जायचे, दुकानदार देईल ती बाटली आणायची आणि झाकणाने अंदाजे मापून फवारायची, हा जणू गृहस्थाश्रमाचाच एक विधी होऊन बसला आहे. या औषधाला खर्च किती आला असे विचारले, तर उत्तर मिळते ते बाटलीवरच्या छापील किमतीचे. वाद आहे तो नेमका या उत्तराशी. बाटलीवरची किंमत हा त्या विषाचा एकूण खर्च नव्हे. त्याचा तो सर्वांत लहान भाग आहे.

शेत वेगळे, बाग वेगळी

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करणे अगत्याचे आहे. शेतकऱ्याच्या पाठीवरचा पंप आणि गॅलरीतील बाटली यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. शेतकऱ्याच्या उभ्या पिकात बियाण्याचे, खताचे आणि मजुरीचे पैसे अडकलेले असतात; बहुधा ते कर्जाऊ असतात. अळीने दहा दिवसांत पीक फस्त केले तर त्याचे पुढचे वर्षच बुडते. अशा माणसाला 'निसर्गाचा तोल आपोआप सावरेल, तू थोडा थांब' असे सांगणे फार सोपे आणि तितकेच निर्दय आहे.

परंतु शेतीच्या बाबतीतही फवारणी केव्हा करावी याला अर्थशास्त्रीय कसोटी आहे. १९५९ साली कॅलिफोर्नियातील स्टर्न, स्मिथ, व्हॅन डेन बॉश आणि हेगन या चार कीटकशास्त्रज्ञांनी एक निबंध प्रसिद्ध केला. कीड दिसली की फवारा, ही तोवरची रीत. त्यांनी विचारले, किडीमुळे होणारे नुकसान आणि ते टाळण्यासाठी येणारा खर्च यांची तुलना का करू नये? किडींची संख्या एका विशिष्ट पातळीखाली असेल तर फवारणीचा खर्च वाचलेल्या पिकाच्या मोलापेक्षा अधिक ठरतो. तेव्हा फवारणे हा निव्वळ तोटा. आपल्या कृषी विद्यापीठांच्या शिफारशींत 'आर्थिक नुकसानीची पातळी' हा जो शब्दप्रयोग आढळतो, त्याचे मूळ या विचारात आहे.

हीच कसोटी आता परसबागेला लावून पाहावी. दोन कुंड्यांतील मिरचीवर मावा पडून हंगामात पाव किलो मिरच्या कमी निघाल्या, तर नुकसान किती? भाजीवाल्याकडे उभे राहून करायच्या घासाघिशीपेक्षा ते अधिक नसते. गुलाबाची चार फुले वाकडी उमलली किंवा कढीलिंबाची काही पाने अळीने खाल्ली, तर तोट्याच्या बाजूला काय लिहायचे, हाच प्रश्न पडावा. अर्थात बागेचे मोल केवळ पैशात नसते, आणि वाकड्या गुलाबाचे दुःखही खरेच असते. पण तेवढ्यासाठी फवारणीचा खर्च वसूल होईल अशी स्थिती घरगुती बागेत क्वचितच येते.

दुसरा फरक याहून महत्त्वाचा आहे. विषाविना कीड आवरायची तर श्रम लागतात: पाने उलटून पाहणे, अंडी चुरडणे, किडका शेंडा खुडणे. दोन एकर वांग्यात हे करायचे तर माणसे लावावी लागतात, आणि रासायनिक औषध शेतकऱ्याला स्वस्त पडते ते या मजुरीच्या तुलनेत. बागेत मात्र श्रम हा खर्चाचा रकाना नव्हे. झाडांपाशी घालवलेल्या अर्ध्या तासासाठीच तर बाग असते! शेतात ज्या कारणाने विष परवडते, ते कारणच बागेत उरत नाही. आणि तरीही जर बाटली येत असेल, तर तिचे मूळ गरजेत नसून अधीरतेत आहे असे म्हणावे लागेल.

ही अधीरता एकदा बाटली घरात आली की आणखी वाढते. लिटरभर पाण्याला दोन मिलिलिटर औषध लागते आणि बाजारात मिळणारी लहान बाटलीही शंभर मिलिलिटरची असते. पहिल्या फवारणीनंतर बाटली जवळजवळ भरलेलीच राहते. तिचे पैसे देऊन झालेले असतात, त्यामुळे दुसरी, तिसरी आणि दहावी फवारणी फुकटच आहे असे वाटू लागते. पीक कीटकनाशक मागत नसते. बाटलीच फवारणी मागत असते.

न दिसणारे भांडवल

बाटलीवरच्या किमतीत जे धरलेले नसते, त्यातील पहिली बाब म्हणजे बागेतील मित्रकीटक. माव्याच्या मादीला पिल्ले घालण्यासाठी नराची गरज लागत नाही. ती अंडी न घालता थेट पिल्ले देते, आणि उबदार हवेत ती पिल्ले आठवड्याभरात स्वतः प्रसवू लागतात. या चक्रवाढीने सारी झाडे केव्हाच झाकली जायला हवी होती. तसे होत नाही, कारण तिथे एक पोलीस दल बिनपगारी काम करीत असते. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा आणि त्याची सुसरीसारखी दिसणारी करडी अळी, फुलांवर हवेत स्थिर राहणाऱ्या सिरफिड माशीची अळी, क्रायसोपाची अळी हे सारे माव्यावर जगतात. एक ढालकिडा आपल्या आयुष्यात शेकड्यांनी मावा खातो. याशिवाय डोळ्यांना जेमतेम दिसतील अशा गांधीलमाश्या माव्याच्या शरीरातच अंडे घालतात. पानावर चिकटून राहिलेले, फुगलेले बदामी मावे दिसले तर ते त्यांचेच काम समजावे.

फवारणी या दोन्ही पक्षांना मारते. परंतु पुन्हा उभे राहण्याची त्यांची ताकद सारखी नसते. वाचलेला मावा आठवड्यात दुप्पट-चौपट होतो. ढालकिड्याला मात्र आधी अन्न हवे, मग अंडी, मग अळी, मग कोष. त्याला काही आठवडे लागतात. मधल्या काळात माव्याला कोणी विचारणारे उरत नाही. म्हणूनच 'औषध मारूनही कीड पुन्हा आली' या तक्रारीचे खरे रूप पुष्कळदा 'औषध मारल्यामुळेच कीड पुन्हा आली' असे असते. कोळ्यांच्या बाबतीत तर हे इतक्या वेळा दिसून आले आहे की, सिंथेटिक पायरेथ्रॉइड वर्गातील औषधे फवारल्यावर लाल कोळी उसळतो ही शेतीशास्त्रातील नित्याची नोंद झाली आहे. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर हे उत्पन्न खाणे नव्हे, मुद्दल खाणे आहे.

या मुद्दलाची किंमत केव्हा कळते याचा धडा कॅलिफोर्नियाच्या संत्रा-लिंबांच्या बागांनी गेल्या शतकाआधीच दिला होता. ऑस्ट्रेलियातून नकळत आलेल्या कापशी खवले किडीने १८८०च्या दशकात तिथला हा व्यवसाय बुडीत काढला. तेव्हा आल्बर्ट कोबेल या कीटकशास्त्रज्ञाला १८८८ साली या किडीच्या मायदेशी, ऑस्ट्रेलियात, तिचे शत्रू शोधायला धाडण्यात आले. त्याने पाठविलेल्या व्हेडेलिया या ढालकिड्यांची संख्या होती अवघी १२९. त्यांच्या संततीने एक-दोन वर्षांत जे काम केले, ते कोणत्याही रसायनाला साधले नव्हते. पुढे १९२९च्या सुमारास ही कीड निलगिरीत शिरली, तेव्हा तिथेही हाच ढालकिडा आणावा लागला. कथेचा उत्तरार्ध मात्र कमी सांगितला जातो. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातील त्याच बागांवर डीडीटी फवारले गेले, व्हेडेलिया मेला, आणि पन्नासएक वर्षे विस्मरणात गेलेली कापशी कीड पुन्हा झाडांवर पांढरी पसरली.

याहून जवळचे उदाहरण हवे असेल तर पपईवरच्या पिठ्या ढेकणाचे घ्यावे. परसातील पपई आणि दारातली जास्वंद या दोन्हींवर जगणारी ही मध्य अमेरिकेकडची कीड २००८ साली भारतात प्रथम कोइंबतूरला आढळली आणि पुढे महाराष्ट्रातही पोहोचली. अंगावरच्या मेणकट पांढऱ्या आवरणामुळे तिच्यावर औषधे पुरती लागू पडत नाहीत. तरी बागाइतदारांनी फवारण्यांवर पैसा ओतला. अखेर २०१० साली बंगळूरच्या राष्ट्रीय कीटक संस्थेने पोर्तो रिकोहून तीन जातींच्या परोपजीवी गांधीलमाश्या आणवल्या, वाढवल्या आणि सोडल्या. त्यांतील अ‍ॅसिरोफेगस पपाये या इवल्याशा माशीने काही महिन्यांत ही कीड आटोक्यात आणली. पुढे या माशीला ना बिल द्यावे लागले, ना तिची दुसरी खेप आणावी लागली. अट एकच: तिच्या अंगावर विष पडता कामा नये. जास्वंदीच्या कुंडीमागच्या बाटलीचा या अटीशी किती निकटचा संबंध आहे, हे वेगळे सांगायला नको.

बाटलीवाचून काय करावे?

'मग किडीला झाड खाऊ द्यायचे काय?' हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर घरच्या घरी सापडण्याजोगे आहे. पहिला उपाय पाहण्याचा. आठवड्यातून दोनदा पानांची खालची बाजू पाहिली तर बहुतेक किडी मूठभर असतानाच हाती लागतात. माव्याला पाण्याची जोरदार धार पुरते. एकदा खाली पडलेला मावा क्वचितच पुन्हा वर चढतो. पिठ्या ढेकूण ओल्या फडक्याने किंवा जुन्या दातघासणीच्या ब्रशाने निघतो. लिंबू आणि कढीलिंब यांच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी ही एका देखण्या फुलपाखराची असते. ती उचलून बाजूला ठेवली तरी भागते. वांग्याचा शेंडा मरगळला की त्यात अळी आहे असे समजून तो खालून खुडावा आणि नष्ट करावा. तो कुंडीत टाकू नये.

दुसरा उपाय मुंग्यांचा बंदोबस्त. मावा आणि पिठ्या ढेकूण गोड चिकट द्रव सोडतात. त्यासाठी मुंग्या त्यांना गुरांसारखे पाळतात आणि मित्रकीटकांना हुसकावतात. त्याच चिकट्यावर काजळीसारखी बुरशी धरते. कुंडी पाण्याच्या ताटलीत ठेवून, किंवा बुंध्याभोवती कापडाची पट्टी बांधून तिच्यावर वंगण लावून मुंग्यांची वाट अडवली, की निम्मे काम होते. तिसरा उपाय खताला आवर घालण्याचा. युरियाने लुसलुशीत झालेली कोवळी फूट म्हणजे माव्याला आमंत्रणच. चौथा उपाय सापळ्यांचा. दोडका, कारली, काकडी यांच्या फळमाशीचे नर क्यू-ल्यूरच्या सापळ्यात येतात, आणि आंबा-पेरूवरच्या माशीचे नर मिथाइल युजेनॉलच्या सापळ्यात. त्यासोबत सडकी फळे वेळीच गोळा करून नष्ट केली पाहिजेत, कारण अळी फळातून जमिनीत उतरून कोष करते.

एवढ्याने भागले नाही तरच निंबोळीकडे वळावे. पन्नास ग्रॅम निंबोळीच्या गराची पूड रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवून, सकाळी गाळून आणि त्यात थोडे साबणाचे पाणी मिसळून पाच टक्क्यांचा अर्क तयार होतो. त्यातील अ‍ॅझाडिरॅक्टिन किडीला तत्काळ मारीत नाही. तिची भूक मोडते आणि तिला कात टाकू देत नाही. उन्हात ते लवकर निष्प्रभ होते, म्हणून फवारणी संध्याकाळी करावी. फवारल्याबरोबर कीड पडली नाही म्हणून निराश होणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की, ज्या औषधाने सारे काही तत्काळ पडते, त्याने ढालकिडाही पडलेला असतो.

येथे भाबडेपणाही टाळला पाहिजे. 'नैसर्गिक' म्हणजे 'निरुपद्रवी' असे समीकरण हल्ली रूढ होत आहे. ते खोटे आहे. तंबाखूचा काढा हा घरगुती उपाय म्हणून सर्रास सांगितला जातो. पण त्यातील निकोटीन हे अस्सल विष आहे, ते कातडीतूनही अंगात भिनते, आणि तंबाखूतून टोमॅटोला विषाणूजन्य रोग लागण्याचा धोका वेगळाच. साबण अधिक पडला तर पाने करपतात. काही रोपे तर या सर्व उपायांनीही वाचत नाहीत. ती उपटून टाकणे हाही एक उपायच आहे. चार मिरच्यांतील एक किडीची, हा या पद्धतीचा प्रांजळ जमाखर्च होय.

दुसऱ्यांच्या पदरात पडणारा खर्च

बाटलीच्या किमतीत न धरलेली दुसरी बाब म्हणजे तिचा जो भार इतरांवर पडतो तो. गच्चीवरच्या फवाऱ्याला इमारतीच्या भिंती ठाऊक नसतात. शेजारच्या खिडकीत वाळत घातलेले कपडे, फुलांवर आलेल्या मधमाश्या, खालच्या मजल्यावरचे मूल यांपैकी कोणीही त्या सौद्यात सहभागी नसते. शेतातील औषधाला फवारणी आणि काढणी यांत किती दिवस जावेत याचा दंडक असतो. परसबागेत मात्र आदल्या दिवशी फवारलेला टोमॅटो दुसऱ्या दिवशी कोशिंबिरीत येतो. उरलेली बाटली स्नानगृहातील फळीवर किंवा माळ्यावर वर्षानुवर्षे राहते. ज्या देशात कीटकनाशक हे आत्महत्येचे एक प्रमुख साधन आहे, तिथे घरात ही बाटली असणे म्हणजे काय, याचा विचार प्रत्येक कुटुंबप्रमुखाने करावा.

कायदा या बाबतीत मुका नाही. केरळात १९५८ साली कीटकनाशकाने दूषित झालेले धान्यपीठ खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यानंतरच्या विचारमंथनातून १९६८चा कीटकनाशक कायदा आणि १९७१चे नियम आले. त्या नियमांनुसार प्रत्येक डब्यावर विषारीपणाच्या श्रेणीप्रमाणे लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. गंमत अशी की, आपल्याकडे शाकाहारी पदार्थाच्या वेष्टनावरही हिरवी खूण असते, आणि पुष्कळांना डब्यावरचा हिरवा त्रिकोण तसाच आश्वासक वाटतो. त्याचा अर्थ 'निर्धोक' असा नसून 'त्यातल्या त्यात कमी विषारी' एवढाच आहे.

आणि जे औषध एकेकाळी बागेसाठी सौम्य म्हणून जगभर नावाजले गेले, त्याची कहाणी तर या देशाला विसरता येणार नाही. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळच्या ज्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला आणि हजारो माणसे मेली, तो कारखाना कार्बारिल हे कीटकनाशक 'सेविन' या नावाने बनवीत होता. अमेरिकेत हौशी बागवानांच्या घरोघरी सेविनची भुकटी असे. गुलाबावरचा भुंगा मारण्याच्या किमतीत भोपाळच्या झोपडपट्टीचा हिशेब कोणी धरला नव्हता. भारतात कार्बारिलवर बंदी आली ती ऑगस्ट २०१८ मध्ये, म्हणजे ३४ वर्षांनी. त्याच्या आदल्या वर्षी, २०१७ मध्ये, यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले होते. खर्च नाहीसा होत नसतो. ज्याला तो नाकारण्याची ताकद नाही त्याच्या पदरात तो पडतो.

डाग सोसण्याची सवय

येथेच परसबाग आणि शेत यांचे तुटलेले नाते पुन्हा जुळते. मंडईत गृहस्थ वांगे फिरवून फिरवून पाहतो. एका छिद्रासाठी ते परत टोपलीत टाकतो. कोबीच्या वरच्या पानाला जाळी पडलेली त्याला चालत नाही. या निवडीचा निरोप व्यापाऱ्यामार्फत शेतकऱ्याकडे पोहोचतो, आणि शेतकरी एका डागाचा भाव पाडला जाऊ नये म्हणून आणखी एक फवारणी करतो. मागणी पुरवठ्याला वळण लावते हे अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यात शिकवले जाते. विषाच्या बाबतीतही ते खरे आहे. बाजारात डागविरहित भाजी मागायची आणि घरी येऊन शेतकऱ्याच्या फवारणीवर टीका करायची, हा न्याय नव्हे.

ज्याने आपल्या कुंडीतील किडके वांगे चिरून, खराब भाग काढून उरलेले भरीत केले आहे, तोच मंडईतील डागी वांग्याकडे वेगळ्या नजरेने पाहू शकतो. परसबागेचे सामाजिक मोल आहे ते यात. शाळांतील पोषण आहाराच्या परसबागा, महाविद्यालयांची आवारे, नगरपालिकांची उद्याने ही या शिक्षणाची सहज उपलब्ध ठिकाणे आहेत. विद्यार्थ्यांना ढालकिड्याची अळी ओळखता येणे हे निदान त्याच्या लॅटिन नावाइतके तरी महत्त्वाचे मानले जावे. सार्वजनिक उद्यानांत कोणते औषध केव्हा फवारले याचा फलक लावणे नगरपालिकांना अवघड नाही. पुष्पप्रदर्शनांच्या परीक्षकांनी निष्कलंक पाकळीला दिलेल्या गुणांचा फेरविचार करावा, आणि गृहनिर्माण संस्थांनी निदान सामायिक गच्चीवर तरी विषारी फवारणी करण्याची प्रथा थांबवावी. यांतील एकाही गोष्टीला अनुदान लागत नाही.

शेतकऱ्याला विषमुक्त शेतीकडे वळायचे असेल तर त्याच्या पाठीशी पतपुरवठा, विमा, संशोधन आणि रास्त भाव उभे राहिले पाहिजेत. ते काम सरकारचे आहे आणि ते दीर्घकाळ चालेल. गॅलरीतील बाटलीला मात्र असे कोणतेही निमित्त नाही. तिथे कर्ज नाही, मजुरी नाही, बुडणारे पीक नाही. ज्याला गमावण्यासारखे काही नाही, त्यानेच आधी विष खाली ठेवावे. ज्याचे सर्वस्व पणाला लागले आहे त्याला उपदेश करण्याचा अधिकार त्यानंतरच मिळू शकतो.